जर्नल, ओरल, प्रोजेक्ट, इंटर्नशिप: अभियांत्रिकीची चार वर्षे कामी कशी लावावीत

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसरे वर्ष सुरू झाले की विद्यार्थ्यांची एक ठरावीक धावपळ सुरू होते. कोणी कॅडचा क्लास लावतो, कोणी पायथॉनचा, कोणी ॲप्टिट्यूडचा, आणि प्लेसमेंटच्या तयारीपायी संध्याकाळचा वेळ आणि आईवडिलांचे पैसे दोन्ही खर्ची पडतात. हे क्लास निरुपयोगी असतात असे नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत एकही प्रयोग स्वतः करून त्याचे आकडे स्वतः मांडलेले नाहीत, त्याला आणखी एका सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र मुलाखतीत फार काळ तारून नेत नाही. जर्नल (प्रयोगांची वही), ओरल (तोंडी परीक्षा), मिनी प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमात आधीपासूनच आहेत आणि त्यांची फीही भरून झालेली आहे. त्यांचा खरा उपयोग कसा करून घ्यावा, हे येथे यंत्र अभियांत्रिकीची उदाहरणे घेऊन मांडले आहे. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनी आपापले प्रयोग त्या जागी कल्पावेत.

जर्नलमध्ये स्वतःचे आकडे

सुरुवात जर्नलपासून करावी, कारण सर्वांत जास्त श्रम तेथेच वाया जातात. सबमिशनच्या आठवड्यात मागच्या वर्षीचे तपासलेले जर्नल मिळवायचे, रात्रभर बसून उतरवून काढायचे आणि सकाळी सही घ्यायची, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. शिक्षकांकडे जर्नलांचा ढीग असतो. प्रत्येकाचा निरीक्षण तक्ता मूळचा आहे की उसना, हे तपासण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो. त्यामुळे ही सुधारणा विद्यार्थ्यानेच सुरू करावी लागते.

टेन्साइल टेस्टचे उदाहरण पाहू. यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून तपासणाऱ्या यंत्रावर, माइल्ड स्टीलचा १० मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर गेज लांबीचा (वाढ मोजण्यासाठी धरलेल्या लांबीचा) नमुना ओढला जातो. त्याचे क्षेत्रफळ ७८.५४ चौरस मिलिमीटर, म्हणजे १५ किलोन्यूटन भाराला स्ट्रेस (भार भागिले क्षेत्रफळ) सुमारे १९१ मेगापास्कल होतो. समजा, त्याच वेळी क्रॉसहेडच्या (यंत्राच्या सरकणाऱ्या आडव्या भागाच्या) पट्टीवर ०.८ मिलिमीटर वाढ दिसली. तिला ५० ने भागल्यास स्ट्रेन ०.०१६ येतो आणि यंग्ज मोड्युलस (स्ट्रेस भागिले स्ट्रेन, म्हणजे पदार्थाचा ताठरपणा) येतो जेमतेम १२ गिगापास्कल. पुस्तकात पोलादासाठी २०० च्या आसपासचा आकडा असतो. बहुतेक जण या ठिकाणी आपला आकडा खोडतात, पुस्तकातला लिहितात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात. खरे तर शिकण्यासारखे जे होते ते नेमके येथेच सुरू झालेले असते.

मोड्युलस २०० धरून उलटे गणित केल्यास १५ किलोन्यूटनला नमुन्याची वाढ केवळ ०.०४८ मिलिमीटर व्हायला हवी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याइतकी. मग पट्टीवर दिसलेले उरलेले पाऊण मिलिमीटर आले कोठून? जबड्यांचे दात नमुन्यात रुतत असतात, पकड किंचित सरकते, यंत्राची चौकट आणि स्क्रू स्वतः थोडे ताणले जातात, आणि ही सगळी हालचाल क्रॉसहेड नमुन्याच्याच नावावर जमा करतो. एक्स्टेन्सोमीटर हे वाढ मोजणारे उपकरण थेट नमुन्याला का लावतात, याचे उत्तर या फरकात आहे. ज्याने १२ चा आकडा न खोडता त्याचे कारण शोधले, त्याला स्ट्रेन मोजणे म्हणजे काय आणि मोजमापात चूक कोठून शिरते, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात कळतात. मुलाखत घेणाऱ्याला ऐकायचे असते ते हेच. व्याख्या त्याला पाठ असतात.

यासाठी एक जाड रफ वही करावी आणि प्रयोगशाळेत तिच्यातच शाईने नोंदी कराव्यात. चुकलेला आकडा रबराने खोडू नये. वाचता येईल अशी एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. यंत्र सुरू करण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज लिहून ठेवावा, कारण अंदाजच नसेल तर आलेला आकडा विचित्र आहे हेही लक्षात येत नाही. प्रयोग संपल्यावर त्याच दिवशी चार-पाच ओळींत काय अपेक्षित होते, काय आले, फरक कशामुळे पडला असावा आणि प्रयोग पुन्हा करायचा झाल्यास काय बदलता येईल, एवढे आपल्या शब्दांत लिहावे. एखादे शिक्षक ‘व्हॅल्यू बरोबर करून आण’ असे सांगतीलही. तेव्हा वाद न घालता फेअर जर्नलमध्ये आपला आकडा, प्रमाणित आकडा आणि फरकाचे कारण अशा तिन्ही गोष्टी लिहून दाखवाव्यात. असे पान पाहून सही नाकारणारे शिक्षक फार थोडे असतात.

पीएलपूर्वीचा अभ्यास

पीएलमध्ये (परीक्षेपूर्वीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) डिकोडसारखे गाइड तीन वेळा वाचून पेपर निघतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. वाचलेले दुसऱ्या दिवशीच्या पेपरापुरते टिकते. दुसऱ्या वर्षी शिकलेल्या थर्मोडायनॅमिक्सवर चौथ्या वर्षी प्लेसमेंटमध्ये प्रश्न आला, की अशा वाचनाचा उपयोग होत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा तिघांनी मिळून ओरल घ्यावी. विद्यापीठाच्या ओरलची नक्कल येथे करायची आहे, पण भीती वगळून. एकाने फळ्यापाशी उभे राहायचे, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे आणि तिसऱ्याने पुस्तक उघडे ठेवून उत्तर पडताळायचे. तासाभरात तिघांचीही पाळी यावी. ‘एंट्रॉपीची व्याख्या सांग’ हा प्रश्न कमी कामाचा, कारण पाठांतराने तो सुटतो. ‘फ्रिजचे दार उघडे ठेवले तर बंद खोली गार होईल का?’, ‘नवी बेअरिंग बसवल्यावर गरम होत असेल तर आधी काय पाहशील?’, ‘या शाफ्टला येथे फिलेट (कोपऱ्याची गोलाई) का दिले आहे?’ असे प्रश्न विचारावेत. गणित सोडवताना सोडवलेले उदाहरण झाकून ठेवावे आणि अडल्यावर एकच ओळ पाहून पुन्हा झाकावे. संपूर्ण उत्तर वाचून ‘कळले’ असे वाटणे आणि कोऱ्या कागदावर ते मांडता येणे यांत किती अंतर आहे, हे पहिल्याच ओरलमध्ये समजते.

भाषेबद्दल एक सूचना. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी उत्तर आधी मराठीत पूर्ण समजावून सांगावे आणि मग तेच इंग्रजीत सांगावे. विचार आणि व्याकरण यांची एकाच वेळी कसरत केली की दोन्ही अडखळतात, आणि समोरच्याला विषयच येत नाही असे वाटते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली आहे. तेव्हा मराठीत विषय मांडण्याचा संकोच बाळगण्याचे कारण उरलेले नाही. कंपनीत अहवाल आणि ई-मेल इंग्रजीत लिहावे लागतात, एवढे ध्यानात ठेवून इंग्रजीचा सराव मात्र सोडू नये.

शिक्षकांसाठीही यात काही आहे. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३४ टक्के आढळले, तर विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गांत ते २२ टक्के होते. तासाच्या मध्यावर दहा मिनिटे थांबून एक प्रश्न शेजाऱ्याबरोबर सोडवायला देणे, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

ड्रॉइंग वाचता येणे

चाकण, भोसरी, सातपूर किंवा शिरोली, कोणत्याही एमआयडीसीतील सुपरवायझरला नव्या इंजिनिअरबद्दल विचारले तर तक्रार बहुधा एकच असते: ड्रॉइंग वाचता येत नाही. पहिल्या वर्षी ग्राफिक्सच्या शीटवर प्रोजेक्शन काढलेले असते, पण त्या रेषांमागचे कारखान्यातील काम कोणी दाखवलेले नसते.

ड्रॉइंगवर ‘२५ एच७/जी६’ असे फिट, म्हणजे छिद्र आणि त्यात बसणारा शाफ्ट यांच्या मापांचा मेळ, दिले आहे असे समजा. टॉलरन्सच्या (मापातील मान्य फरकाच्या) तक्त्यानुसार छिद्र २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर हवा. म्हणजे दोहोंमधील मोकळीक कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). तक्ता पाहून एवढे काढणे सोपे आहे. पुढचा प्रश्न असा की, हे मोजायचे कशाने? महाविद्यालयातील व्हर्निअरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप) ०.०२ मिलिमीटर, तर शाफ्टचा संपूर्ण टॉलरन्सच १३ मायक्रॉन. तेथे व्हर्निअर चालत नाही. ०.०१ चा मायक्रोमीटरही अपुरा पडतो. म्हणून कारखान्यात छिद्रासाठी गो-नोगो प्लग गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणारा) किंवा एअर गेज दिसतो आणि शाफ्टसाठी एक मायक्रॉन वाचणारे उपकरण. टॉलरन्स जितका घट्ट, तितका भाग महाग. त्यामुळे हा टॉलरन्स येथे खरोखर हवा का, असे विचारणारा नवखा मुलगा डिझाइन विभागाच्या लगेच नजरेत भरतो.

सरावासाठी भंगारातून सायकलचा हब, जुना पंप किंवा दुचाकीचा कार्ब्युरेटर आणावा, तो खोलावा, प्रत्येक भाग मोजून हाताने रेखाटावा आणि मगच कॅडमध्ये काढावा. हातातला भाग आणि कागद यांची सांगड बसली की सॉफ्टवेअर शिकायला फार दिवस लागत नाहीत.

प्रोजेक्ट लहान, पण मोजलेला

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मोठ्या नावांचा मोह टाळावा. तयार मॉडेल विकत आणून त्याला रंग देण्यात एक वर्ष घालवण्यापेक्षा वसतिगृहाच्या पाण्याच्या पंपाची कार्यक्षमता मोजणे कितीतरी कठीण आणि उपयोगी आहे. समजा, ५००० लिटरची टाकी ४२ मिनिटांत भरते, एकूण हेड (पाणी चढवण्याची उंची) २० मीटर आहे आणि तेवढ्या वेळात मीटरवर ०.७७ युनिट वीज पडते. प्रवाह सेकंदाला सुमारे २ लिटर, पाण्याला मिळालेली शक्ती सुमारे ३९० वॅट आणि घेतलेली वीज १.१ किलोवॅट, म्हणजे कार्यक्षमता ३५ टक्के. मग घोटाळा पंपात आहे, पाइपांच्या वळणांत आहे की पंपच चुकीचा निवडला आहे, हे शोधायचे, एक बदल करायचा आणि पुन्हा मोजायचे. वर्षाचे वीजबिल किती उतरले ते रुपयांत सांगता आले, तर तो अहवाल रेक्टरही वाचतील.

इंटर्नशिप आणि शिकाऊ उमेदवारी

तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीची एकूण क्रेडिट १६० वर आणली गेली आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग झाली. तेव्हापासून ओळखीच्या कंपनीतून नुसते प्रमाणपत्र आणण्याचाही प्रघात पडला आहे. मोठे नाव मिळत नसेल तर वीस-पंचवीस कामगारांचे वर्कशॉप धरावे. तेथे मालक स्वतः भेटतो आणि एकाच महिन्यात खरेदीपासून डिस्पॅचपर्यंत सगळे डोळ्यांदेखत घडते. पहिला आठवडा फक्त पाहावे आणि ऑपरेटरला ‘दादा’, ‘काका’ म्हणून विचारत जावे, कारण मशीनचा स्वभाव त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो. दुसऱ्या आठवड्यापासून एकच लहान प्रश्न हाती घ्यावा: कोणत्या भागाचे रिजेक्शन सर्वांत जास्त आहे, किंवा सेटिंग बदलायला नेमका किती वेळ जातो. रोजचे आकडे रफ वहीत उतरवावेत आणि निघताना मालकाला एका पानाचा अहवाल द्यावा.

पदवीनंतर लगेच नोकरी मिळाली नाही, तर नुसते घरी बसून परीक्षांचे अर्ज भरत राहण्यापेक्षा शिकाऊ उमेदवारीचा विचार करावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर आणि पदविकाधारकांचा समावेश झाला. केंद्र सरकारच्या नॅशनल ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीमच्या पोर्टलवर नाव नोंदवून कंपन्यांकडे अर्ज करता येतो. प्रशिक्षण एक वर्षाचे असते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. रुजू होण्यापूर्वी एचआरला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: वर्षभरात विभाग बदलून मिळतील का, आणि काम कोणाच्या हाताखाली करायचे आहे. वर्षभर एकाच टेबलावर इन्स्पेक्शनचे शिक्के मारायला लावणारी जागा आणि तीन-तीन महिने मशीन शॉप, क्वालिटी, मेंटेनन्स आणि प्लॅनिंग दाखवणारी जागा यांचे विद्यावेतन सारखे असू शकते. दुसरी थोडी लांब असली तरी तीच घ्यावी.