विद्यार्थी चित्रपट करताना मिळवलेल्या कौशल्यांविषयी कसे लिहावे

शॉट लिस्ट (घ्यायच्या शॉट्सची यादी), कॉल शीट (चित्रीकरणाच्या दिवसाचे वेळापत्रक), कंटिन्युइटीच्या (एका शॉटमधील तपशील पुढच्याशी जुळावेत म्हणून केलेल्या) नोंदी आणि रफ कटच्या (कच्च्या संकलनाच्या) सर्व आवृत्त्या समोर ठेवल्याशिवाय लिहायला बसू नये. अंतिम चित्रपट वारंवार पाहिला की त्यातील प्रत्येक गोष्ट आधीपासून ठरवूनच केली होती असे वाटू लागते. त्यामुळे स्मरणापेक्षा त्या वेळच्या कागदांवर विसंबावे. त्यांतून तीनच कौशल्ये निवडावीत. दहा निवडली तर केवळ यादी होते.

आता खरा अवघड टप्पा येतो, आणि मलाही याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ अडून राहावे लागले होते. 'संघभावना, वेळेचे नियोजन आणि संवादकौशल्य वाढले असे लिहा' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो सरळ दुर्लक्षित करावा. ज्या वाक्यातून चित्रपट वगळला तरी वाक्य जसेच्या तसे उभे राहते, ते वाक्य तुमच्या कामाविषयी काहीच सांगत नाही.

माहिती मिळणे आणि कौशल्य येणे यांतही गल्लत करू नये. '१८० अंशांचा नियम समजला', म्हणजे दोन पात्रांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या (अक्षरेषेच्या) एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा हे कळले, ही माहिती झाली. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु समोरासमोर बसलेली दोन पात्रे संकलनाच्या वेळी एकाच दिशेला पाहताना दिसली, कॅमेरा अक्षरेषा ओलांडून पलीकडे गेल्याचे तेव्हा उमगले, मध्ये वापरता येईल असा अक्षरेषेवरूनच घेतलेला तटस्थ शॉट हाती नव्हता, आणि म्हणून पुढच्या प्रसंगाच्या आराखड्यावर तुम्ही आधी रेषा आखून मगच कॅमेऱ्याच्या जागा ठरवल्या, असे घडले असेल तर ते कौशल्य आहे. अडचण, निर्णय, निर्णयाचे कारण आणि पुढील कामात दिसलेला बदल ही साखळी पूर्ण होत नसेल, तर तो मुद्दा गाळावा.

ध्वनीच्या बाबतीत ही साखळी विशेष स्पष्ट दिसते, तरीही विद्यार्थी तिथेच सर्वांत मोघम लिहितात. 'ध्वनिमुद्रण शिकलो' याने काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: संवादांचे तुकडे जोडताना प्रत्येक कटवर पार्श्वभूमीचा आवाज बदलत होता आणि संवादांमधील रिकाम्या जागा भरण्यासाठी त्या खोलीची शांतता मुद्रितच केलेली नव्हती, म्हणून पुढच्या चित्रीकरणस्थळी मी सर्वांना आपापल्या जागी थांबवून, दिवे आणि उपकरणे चालू ठेवून, ३० सेकंद रूम टोन घेतला. लोकांना बाहेर का पाठवले नाही, हेही सांगावे: माणसे खोलीबाहेर गेली की खोलीचा आवाजच बदलतो. हे एक कारण दिल्याने, तुम्ही सूचना पाळत नव्हता तर विचार करत होता, हे वाचणाऱ्याला कळते.

याच टप्प्यावर 'आम्ही' या शब्दापासून सावध राहावे. 'आम्ही प्रकाशयोजना बदलली' या वाक्यात खिडकीतून येणारा सुमारे ५६०० केल्विनचा निळसर उजेड आणि ३२०० केल्विनचा पिवळसर दिवा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) यांचा मेळ कोणी घातला, दिव्यावर निळे जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावायचे कोणी सुचवले आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्याची जुळणी) कोणी ठरवला, हे सगळे झाकले जाते. स्वतःचा निर्णय असेल तिथे 'मी' लिहावे, इतरांचा असेल तिथे त्यांची भूमिका नोंदवावी. छायाचित्रकाराचे काम दिग्दर्शकाने स्वतःच्या खात्यावर लिहिलेले मी इतक्या वेळा वाचले आहे की, असा एक दावा आढळला तरी उरलेल्या लेखनावरचा माझा विश्वास उडतो.

प्रत्येक अपयशाला शिकवणुकीचा मुलामा देण्याचा आग्रहही मला मान्य नाही. एखाद्या शॉटचा फोकस प्रत्येक टेकमध्ये निसटत राहिला आणि शेवटी तो शॉटच कापावा लागला, तर फोकस ओढण्याचे (शॉट चालू असताना फोकस जुळवत नेण्याचे) कौशल्य अजून आलेले नाही, असे स्पष्ट लिहावे. अशी नोंद दुबळी दिसत नाही. उलट बाकीचे दावे तिच्यामुळे पटतात.

मांडणी फार अवघड नाही: कौशल्यागणिक एक परिच्छेद, आणि त्याच्याशी संबंधित शॉटचा क्रमांक किंवा टाइमकोड (चित्रपटातील त्या क्षणाची नेमकी वेळ). चित्रपटाचे कथानक सांगू नये, कारण वाचणाऱ्याने चित्रपट पाहिलेलाच असतो.

मसुदा झाल्यावर सेटवर तुमच्याबरोबर असलेल्या सहकाऱ्याला तो वाचायला द्यावा आणि त्याने हरकत घेतलेली वाक्ये पुन्हा तपासावीत. त्यानंतर श्रेयनामावली काढून तुमच्या नावापुढची जबाबदारी लेखाशी ताडून पाहावी. नावापुढे ध्वनिमुद्रण आणि लेखात मात्र संकलन असे दिसले, तर लेख सुपूर्द करण्यापूर्वी दोहोंपैकी एक दुरुस्त करावे.