छापचित्रणाच्या स्टुडिओत नव्याने येणाऱ्यांसाठी

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडील खेड्यांतून कला महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या असतात. कोरलेल्या प्लेटवरून कागदावर चित्र छापण्याचा प्रेस मात्र त्यांनी पाहिलेला नसतो. मीही त्यांच्यापैकीच एक. आज गावच्या शाळेत कला शिकवताना आवर्जून सांगावेसे वाटते की, स्टुडिओतील खरे शिक्षण तासिका संपल्यावर, वरच्या वर्गातील मुलामुलींच्या हाताखाली राबताना मिळते.

एचिंगचेच, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून चित्र छापण्याच्या पद्धतीचेच पाहा. जस्ताच्या प्लेटच्या कडा आधी कानशीने तिरप्या घासाव्या लागतात, अन्यथा दाबाखाली कागद फाटतो आणि प्रेसवरील लोकरी नमदेही खराब होतात. प्लेटवर दिलेल्या मेणमिश्रित थरावर सुईने रेखाटून प्लेट सौम्य नायट्रिक आम्लात सोडली, की रेषांवर बुडबुडे जमू लागतात. ते पिसाने हलकेच दूर सारावे लागतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, आणि हातमोजे व पंखा यांबाबत कोणाचीही भीड बाळगू नये. पुढे शाई भरून खळीच्या जाळीदार कापडाने प्लेट पुसताना हात किती दाबायचा, हे पाहून कळत नाही. जास्त पुसले तर रेषा रिकाम्या होतात, कमी पुसले तर चित्र काळवंडते. म्हणून एखाद्या दादाला किंवा ताईला विनंती करून त्यांच्या प्लेटा पुसून द्याव्यात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा छपाईसाठी भिजवलेला कागद बघता बघता सुकतो आणि शाई पातळ होते. त्या दिवसांत सकाळी लवकर छापावे व ओले कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत. या शाईचा पाया जवसाचे तेल असते. आपल्या शेतांत रब्बीत होणाऱ्या जवसाची ही ओळख मला फार जवळची वाटते.

सुटीत गावी प्रेस नसतो, पण लिनो (लिनोलियमची मऊ लादी) किंवा प्लायवूडच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून, कागदावर चमच्याची पाठ घासली तरी स्वच्छ छाप उमटतो. अक्षरे असल्यास ती उलटी कोरावीत. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने 3/10 (दहांपैकी तिसरी प्रत) असा क्रमांक व सही करण्याची सवय तेव्हापासूनच लावावी, आणि चांगल्या प्रती सपाट ठेवून जपाव्यात. पुढे भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रातील ग्राफिक (छापचित्रण) कार्यशाळेसारख्या ठिकाणी काम करण्याची इच्छा झाली, तर दाखवायला त्याच उपयोगी पडतील.