डर्ट बाईकची चेन-सॉकेट घरी बदलताय? या चुका टाळा

पहिल्यांदा हे काम घरी करायला घेतलं तेव्हा मी सगळ्यात आधी ग्राइंडर उचलला. जुनी चेन पाच मिनिटांत कापून बाजूला टाकली आणि ऐटीत पुढच्या स्प्रॉकेटच्या (इंजिनाकडच्या, चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) नटाला पाना लावला. पाना फिरवला की स्प्रॉकेटही सोबत फिरायचं. मागचा ब्रेक दाबून काही होईना, कारण चाक आणि इंजिन यांना जोडणारी चेन मीच तोडून ठेवली होती. शेवटी नवी चेन तात्पुरती चढवली, शेजारच्या पोराला ब्रेकवर उभं केलं, तेव्हा कुठे नट हलला.

म्हणून चेन कापण्याआधी पुढचा नट सैल करा. गाडी गिअरमध्ये टाका आणि मागचा ब्रेक घट्ट दाबून धरा. नटाखालच्या वॉशरची कड दुमडलेली असेल तर ती आधी छिन्नीने सरळ करून घ्या. काही गाड्यांना नटाऐवजी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) किंवा दोन छोटे बोल्ट असतात, तिथे हा व्याप नाही. स्प्रॉकेट काढण्यापूर्वी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. बऱ्याच पुढच्या स्प्रॉकेटांचा एका बाजूचा उंचवटा जास्त असतो. ते उलटं बसलं तर चेन तिरकी पळते.

फक्त चेन बदलून पैसे वाचवणं

गॅरेजमध्ये 'चेन-सॉकेट' एका दमात म्हणतात ते उगाच नाही. झिजून लांबलेल्या चेनने स्प्रॉकेटचे दातही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन टाकली की तीही लवकरच लांबते. चेन संपलीय का हे पट्टीने कळतं. 520 चेनच्या दोन पिनांमधलं अंतर 15.875 मिमी, म्हणजे ताणून धरलेल्या नव्या चेनच्या 20 लिंका 317.5 मिमी भरतात. हेच माप 323-324 मिमीपर्यंत गेलं तर चेन दोन टक्के लांबली, तिचा निरोप घ्या. 428 चेनला याच 20 लिंका 254 मिमी असतात. आकड्यात पहिला अंक पिनांमधलं अंतर सांगतो आणि पुढचे दोन रुंदी, त्यामुळे 520 आणि 525 दिसायला सारख्या असल्या तरी एकीची जागा दुसरी घेत नाही.

दात वाढवण्या-घटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास चार. 13/50 (पुढे 13, मागे 50 दात) चं 12/50 केलं तर गुणोत्तर 3.85 वरून 4.17 वर जातं, पुढे 13 तसेच ठेवून मागे 54 दात लावले तरी 4.15. घाटातल्या चढणीला बरं वाटेल, पण मागे चार दात वाढवले तर चेनही लांब लागेल. चेन कापण्याआधी ती दोन्ही नव्या स्प्रॉकेटांवर टाकूनच मोजा, अ‍ॅक्सल (मागच्या चाकाचा दांडा) पुढच्या टोकापासून किंचित मागे ठेवून. घाईत दोन लिंका जास्त कापल्या तर नवी कोरी चेन वाया.

रिकाम्या गाडीवर चेन कसणं

सगळ्यात महाग चूक ही आहे आणि ती हौशीच नाही, शहरातले मेकॅनिकही करतात. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना चेनचा झोल (मधोमध वर-खाली हलण्याची जागा) 20 ते 30 मिमी लागतो, हाताला तीच सवय असते. डर्ट बाईकला साधारण 35 ते 50 मिमी हवा.

मागे दोन वीट उंचीच्या स्टँडवर गाडी चढवून पाहा. चाक लोंबतंय, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता हात) खाली झुकलाय. स्विंगआर्म ज्यावर हलतो तो खिळा पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे असतो. चाक वर जाऊ लागलं की स्प्रॉकेट आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर वाढत जातं आणि स्प्रॉकेट, खिळा, अ‍ॅक्सल हे तिघे एका रेषेत आले की ते सर्वाधिक होतं. म्हणजे स्टँडवर 'मस्त टाइट' वाटणारी चेन उडीनंतर जमिनीवर आपटताना तारेसारखी ताणली जाते. तो झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि सीलवर बसतो. पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल झिरपतंय आणि चेन नेहमी कडक असते, अशी तक्रार असेल तर आधी इथेच बघा.

खात्री करायची तर दोन धट्टेकट्टे मित्र सीटवर बसवा किंवा पट्टा बांधून मागचं सस्पेन्शन दाबा. तिघे एका रेषेत असताना चेन बोटाने थोडी तरी हलली पाहिजे. मग गाडी पुन्हा मोकळी सोडून झोल मोजा. तो तुमच्या गाडीचा खरा आकडा. कंपनीच्या पुस्तकातला आकडा कुठे आणि गाडी कशी उभी करून मोजायचा, तेही त्याच पानावर असतं. ते न वाचता नुसते मिलिमीटर उचलू नका.

अ‍ॅक्सलचा नट आवळताना चाक मागे सरकतं आणि केलेलं काम बिघडतं. चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये फडका घालून चाक हाताने मागे फिरवा, अ‍ॅक्सल पुढे दाबलं जाऊन चेनचा ताण ठरवणाऱ्या अ‍ॅडजस्टरला टेकतं. तसंच धरून नट आवळा. बोटं मात्र फडक्याच्या मागे नकोत. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चेन पुसणं तर कधीच नको. त्यात बोटं जातात.

लॉक उलटं लावणं

चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची पट्टी मासा समजा. बंद तोंड चेन जाते त्या दिशेला, उघडी शेपटी मागे. वरच्या बाजूला चेन पुढे पळते, म्हणजे तिथे माशाचं तोंड हँडलकडे. उलटं लावलेलं लॉक दगडाला, काडीला अडकून निघतं. ओ-रिंगची (पिनांभोवती रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर चारही रिंगा आणि सोबतचं ग्रीस विसरू नका. प्लेट पिनेवरची खाच दिसेपर्यंतच दाबा. जास्त दाबली तर ती एक लिंक आखडते आणि चाक फिरवताना तिथेच 'कट' असा आवाज येतो.

मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट डोक्यात सहाकोनी खाच असलेले, म्हणजे अ‍ॅलनचे असतील तर अ‍ॅलन नुसती धरून ठेवा आणि फिरवा पलीकडचा नट, नाहीतर बोल्टाचं डोकं गोल होतं. नट समोरासमोर आवळा, थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरणाऱ्या द्रवाचा) थेंब टाका.

दातांची एकच बाजू चकचकीत झाली, तर चाक तिरकं बसलंय. स्विंगआर्मवरच्या खुणांवर फार विश्वास ठेवू नका, मागून एक डोळा मिटून चेनची रेघ बघा. कोकणातल्या तांबड्या चिखलात फिरणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा लोखंडी स्प्रॉकेट घ्या. वजन थोडं जास्त, पण टिकतं. चेन धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोलने रबरी रिंगा खराब होतात.

पहिल्या फेरीनंतर चेन थोडी बसते, तेव्हा झोल आणि मागचे नट पुन्हा तपासा. आणि नव्या चेनचा कापून उरलेला तुकडा फेकू नका. दोन जादा लॉकांसोबत टूलबॅगेत टाका, डोंगरात चेन तुटली की तोच घरी आणतो.