कोकणात ट्रेक लीडर व्हायचंय? आधी एक डोंगर बारा महिने पाहा

खेड, चिपळूण, महाडकडची कॉलेजातली मुलं-मुली हल्ली वारंवार विचारतात, "ताई, ट्रेक लीडर व्हायचंय, कुठला कोर्स करू?" कोर्स जरूर करा, त्याबद्दल पुढे सांगतेच. पण त्याआधी घराजवळचा एक डोंगर धरा आणि त्याचे बारा महिने पाहा. मी खेडची. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही रांग माझ्या घरापासून जवळ, म्हणून मी ती धरली. तुम्ही महाडचे असाल तर बोराट्याची नाळ किंवा मढे घाट धरा, सावंतवाडीचे असाल तर आंबोली.

बारा महिनेच का? कारण इथली एकच वाट दर दोन महिन्यांनी वेगळी होते. जुलैत जो ओढा घोट्याएवढा म्हणून ओलांडलात, तोच माथ्यावर दोन तास पाऊस झाला की परतताना कमरेएवढा असतो. त्यामुळे येताना काय होईल याचा अंदाज घेतल्याशिवाय ओढा ओलांडायचा नाही. गणपती होऊन गेले की गवत डोक्याच्या वर जातं आणि मळलेली वाटही दिसेनाशी होते. तेव्हा पायाखालची जमीन चाचपत चालावं लागतं, आणि ढोरवाट कुठे फुटते व माणसांची वाट कुठे वळते हे आधीच ठाऊक असावं लागतं. जानेवारीनंतर तेच गवत वाळतं आणि वणव्याची भीती सुरू होते. मार्चपासून सगळा प्रश्न पाण्याचा.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण ते वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. गडावर टाकं (कातळात खोदलेला पाण्याचा हौद) आहे एवढी माहिती पुरत नाही. कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं, ते कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, उतरायला पायऱ्या आहेत की दोर लागतो, हे दर महिन्याला स्वतः बघून लिहायचं. पाण्यावर पालापाचोळा असला तरी घाबरू नका. काठीने तो बाजूला सारा, बाटली हातभर खाली बुडवून भरा, सुती कापडातून दोनदा गाळा आणि उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाका. पण पाण्यावर हिरवी साय असेल, वास येत असेल किंवा आत मेलेलं जनावर दिसलं, तर पुढच्या पाण्यापर्यंत तहान सोसलेली बरी. एप्रिलमध्ये पाण्याची खात्री नसेल तर गट न्यायचाच नाही. पैसे परत करावे लागले तरी चालतील.

आता उन्हाबद्दल. पुण्याकडून येणारा ट्रेकर बहुतेक वेळा घाटमाथ्यावरून सुरुवात करतो. आपली वाट पायथ्याच्या वाडीतून, जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि सहाशे-सातशे मीटरचा उभा चढ अंगावर येतो. त्यात हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. कोकणच्या बाजूला कड्यावरून पडण्याइतकंच हे उष्माघाताचं भय खरं आहे. मी गटातल्या बोलक्या माणसांवर नजर ठेवते. सकाळपासून बडबडणारा माणूस गप्प झाला, चुकीच्या जागी पाय टाकू लागला, की तिथेच थांबायचं. त्याला सावलीत बसवा, बूट आणि कपडे सैल करा, मानेवर, काखेत ओलं फडकं ठेवा, वारा घाला, साखर-मिठाचं पाणी घोटघोट द्या. तो बरळायला लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडाने काही देऊ नका. अंग गार करत राहा आणि खाली दवाखान्याकडे निघा. माथा अर्ध्या तासावर असला तरी निघा. हा निर्णय घेता येणं म्हणजे लीडर होणं, असं माझं ठाम मत आहे.

कोर्सची गोष्ट अशी. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना 1965) आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (1954) इथला बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात 'ए' श्रेणी मिळाली की ॲडव्हान्सचं दार उघडतं. दोर, गाठी, ओझं घेऊन चालण्याची शिस्त आणि थकलेल्या माणसाशी वागायची रीत, हे सगळं तिथे फार चांगलं शिकवतात. जागेसाठी बरंच आधी नाव द्यावं लागतं, म्हणून बारावीनंतरच चौकशी सुरू करा. पण तिथे बर्फ शिकवतात. आपल्याकडची घसरणीची माती, शेवाळलेला कातळ आणि फुरशासारखा विषारी साप तिथे नाही. ते इथेच शिकावं लागतं, आणि शिकवणारे वाडीवर आहेत.

फुरसं रत्नागिरी जिल्ह्यात भरपूर. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली बसलेलं. डिवचलं तर वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्या सरकारी रुग्णालयांतली प्रतिविषाची लस चालते. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर मात्र ती लागू पडत नाही. चावा झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि माणसाला उचलून न्या. इंगळीच्या (विषारी विंचवाच्या) दंशावर प्राझोसिन या औषधाने जीव वाचतो हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, म्हणून विंचू चावला तरी घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-बांदा पट्ट्यात, गोचिडीतून पसरणारा माकडतापही आहे. तिकडे जानेवारी ते मे रानात जाताना अंगभर कपडे घाला आणि मेलेल्या माकडाच्या आसपास फिरकू नका.

माणसाला उचलून न्यायचं म्हणजे दोन बांबू, एक घोंगडी आणि आळीपाळीने खांदा देणारी आठ-दहा माणसं. ती माणसं वाडीवरची असतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला फोन जरूर करा, त्यांची पथकं जीव तोडून येतात, पण ती पोहोचेपर्यंतचे तास तुम्हाला आणि वाडीला निभवायचे असतात. म्हणून निघताना धनगरवाड्यावर थांबा, किती जण आणि कुठल्या वाटेने निघालोय ते सांगा, परतल्यावरही सांगून जा. वाटाड्याचे पैसे ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी द्या. जेवण वाडीवरच सांगा. देवराईत चपला काढायला सांगितलं तर काढा, आणि तिथली फांदीही तोडू नका.

परवानग्यांकडे काणाडोळा करू नका. खेड तालुक्यातल्या चोरवणे गावातून नागेश्वरच्या देवळाला महाशिवरात्रीला गावंच्या गावं चढतात, म्हणून ती वाट मोकळी आहे असा नव्या पोरांचा समज होतो. वर कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वन विभागाच्या परवानगीशिवाय गट घेऊन तिथे शिरणं हा गुन्हा आहे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 पासून आहे. स्वतःच्या नावाने ट्रेक काढणार असाल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, तेही दर आठवड्याला तपासा.

राहिला पैसा. सुरुवातीला दुसऱ्याच्या गटात मदतनीस म्हणून शेवटच्या माणसाबरोबर चाला, मानधन थोडं मिळतं पण शिकायला तिथेच मिळतं. डोंगराचा हंगाम जून ते फेब्रुवारी. मग किनारा हाताशी आहे, हे घाटावरच्या मुलांना नसलेलं सुख. फेब्रुवारी ते एप्रिल वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं पाहायला लोक येतात, त्यांना माहिती सांगणारी माणसं लागतात. तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) स्कुबा, म्हणजे समुद्रात बुडी मारण्याचं, प्रशिक्षण केंद्र आहे. पोहता येत असेल तर मेअखेरपर्यंत मालवणात काम मिळू शकतं. जूनच्या पहिल्या पावसात परत वर या, आणि गट नेण्याआधी आपली वाट एकदा चालून बघा, कारण दरड कुठे सरकली असेल ते चालल्याशिवाय कळत नाही.