विड्या वळणाऱ्या मानेचं मोजमाप : आदल्या दिवशीची तयारी

उद्या सकाळी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जायचं असेल, तर सगळी जमवाजमव आज संध्याकाळीच उरका. विडी कामगार महिलांसाठी बांधलेली ती १०,००० घरं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना अक्कांची मान किती वाकते आणि किती वेळ तशीच राहते, हे आपल्याला कापडी पट्टीनं मोजायचंय.

आधी पट्टी बघा. सोलापूर मागाचं गाव असलं तरी चादरीसारखं उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड इथे चालत नाही, कारण ते ताणत नाही. बनियनसारखी वीण हवी, चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन धाग्याची. पट्टी ताणली की धाग्याचे फासे एकमेकांना वेगळ्या तऱ्हेनं टेकतात आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. नवी पट्टी हातानं तीसेक वेळा ताणून सोडा, नाहीतर सुरुवातीचे आकडे सरकत राहतात. मग मल्टिमीटरवर सैल पट्टीचा आणि ताणलेल्या पट्टीचा रोध लिहून घ्या. समजा २०० आणि ८०० ओहम आले, तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ४००, म्हणून बाजारात मिळणारा ३९० ओहमचा रेझिस्टर पट्टीला एका ओळीत (सिरीजमध्ये) जोडा. आकडे वाचणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ईएसपी-३२ असेल तर त्या जोडावरची तार ३४ किंवा ३५ नंबरच्या पिनेलाच द्या, वाय-फाय चालू असताना काही पिना वाचता येत नाहीत. सेकंदाला ५० नोंदी पुरतात. पॉवर बँक घरी तासभर चालवून बघा, कमी करंट ओढला की काही बँका आपोआप बंद पडतात.

पट्टीचं वरचं टोक मऊ कपाळपट्टीला मागच्या बाजूनं टिचबटणानं लावायचं आणि खालचं टोक मानेच्या उंचवट्याखाली मायक्रोपोर टेपनं चिकटवायचं. त्वचा आधी कोरडी पुसा. घाम विजेला वाट देतो आणि आकडे खोटे पडतात, म्हणून पट्टीखाली सुती कापडाचा पातळ अस्तर हवाच. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर दोन अस्तर जवळ ठेवा. अंबाडा पट्टीवर येत असेल तर वेणी पुढे घ्यायची विनंती करा. हे सगळं बाईमाणसानंच करावं, त्यामुळे सोबत मैत्रीण न्या. तिला तेलुगू येत असेल तर फारच बरं, बऱ्याच घरांत तीच भाषा बोलली जाते.

मजुरी हजार विड्यांवर मिळते. आपण घेतलेली वीस मिनिटं त्यांच्या विड्यांतून जातात, हे विसरू नका. वेळ कधी सोयीची ते आधी विचारा, होणारं नुकसान भरून द्या आणि 'नको' म्हटलं तर तिथेच थांबा.

आता ज्यात मी स्वतः फसलो ते सांगतो. कोणत्या कोनाला कोणता आकडा येतो ते कळावं म्हणून काम सुरू होण्याआधी मान सरळ, मग १५, ३०, ४५ अंश, प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद थांबून नोंद घ्या, आणि तशाच नोंदी परत वर येतानाही घ्या. कोन गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनानं, बघा, नुसत्या अंदाजानं नको. खाली जातानाचा आणि वर येतानाचा आकडा जुळणार नाही, कापड लगेच पूर्ववत होत नाही. हीच मोजणी काम संपल्यावर पुन्हा करायची. मागे एकदा मी शेवटची मोजणी न करताच पट्टी काढली. दोन तासांत शून्य, म्हणजे सरळ मानेचा आकडा, किती सरकला ते कळायला काही मार्ग उरला नाही आणि एका अक्कांचा सगळा वेळ वाया गेला. तेव्हापासून 'शेवटची मोजणी' हे दोन शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

मोबाईलवर दिसणारी आकड्यांची रेघ पहिल्यांदा त्यांनाच दाखवा. मान वर केली की रेघ कशी हलते ते त्या स्वतः करून बघतील, त्याला वेळ द्या.

घरी आल्यावर पट्टी गार पाण्यात हलक्या हातानं धुवा. ब्लीच नको, पिळायचीही नाही. सावलीत वाळवून सपाट कागदात ठेवा आणि वर तारीख टाका. चांदी पैंजणासारखी काळी पडू लागली की त्या पट्टीचा रोध पुन्हा मोजल्याशिवाय ती कुणाच्या मानेला लावू नका.