डॅनिश भूतकाळ: या चुका टाळा

कोपनहेगनला नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी रविवारी डॅनिश शिकवते. भूतकाळाच्या चुका दर वर्षी त्याच. (देवनागरीतले उच्चार अंदाजे आहेत, मऊ 'द' कानानेच शिका.)

सगळ्यात महागात पडते ती ही. 'मी इथे चार वर्षं काम करते आहे' हे मराठीत वर्तमानकाळात चालतं. डॅनिशमध्ये काम अजून सुरू असेल तर 'याय हार आर्बायदेद हेर इ फीर ओर' असं म्हणायचं. त्याला फोरनुतिद म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या एकीने ॲपवर भूतकाळ पाठ केला होता. मुलाखतीत ती ठसक्यात म्हणाली, 'याय आर्बायदेदे...' आणि कंपनीचं नाव घेतलं. समोरून लगेच प्रश्न आला: नोकरी का सोडलीत? ती तर त्या दिवशी सकाळी तिथूनच निघून आली होती! आर्बायदेदे ही दातिद, म्हणजे संपलेली गोष्ट. पुढचा अर्धा तास खुलासे करण्यात गेला. घाईत बोलताना आर्बायदेदे आणि आर्बायदेद कानाला जवळजवळ सारखेच लागतात, त्यामुळे सगळा भार त्या इवल्याशा 'हार'वर असतो. तो गिळू नका. बो (राहणे) या क्रियापदाचंही तेच: 'बोएदे' म्हणालात तर ऐकणारा समजतो की तुम्ही घर सोडलं.

दुसरी चूक फोरनुतिदमध्ये क्रियापदाआधी 'हार' लावायचं की 'एर' (आहे) याची. इंग्रजीवरून आलेले सरसकट 'हार' लावतात, 'याय हार कॉमेद' (मी आलेय) म्हणतात, तिथे एर हवं. मराठीवरून आलेले 'आहे'च्या नादाने सरसकट 'एर' लावतात आणि 'याय एर स्पीस्त' म्हणतात, ज्याचा अर्थ होतो 'मला कुणीतरी खाल्लंय'. माझी सवय सांगते. वाक्य 'तो' घालून मराठीत म्हणून बघायचं. 'त्याने खाल्लं', 'त्याने लिहिलं', असा 'ने' आला की बहुधा हार. 'ने' नसेल तर आणखी एक प्रश्न: माणूस कुठून कुठे गेला का, किंवा त्याची स्थिती बदलली का? आला, पडला, निघून गेला: एर. नुसता झोपला, हसला, दोन तास चालला: हार. म्हणून 'हान एर गोएद' म्हणजे तो निघून गेला, आणि चालत राहिला असेल तर 'हान हार गोएद'. बेगुन्ने (सुरू करणे) हा अपवाद: मराठीत 'ने' येतो, तरी तिथे एर.

'सगळ्या क्रियापदांना भूतकाळासाठी एदे हा प्रत्यय लावा, चालतं' हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नव्याने आलेल्या गूगलसारख्या शब्दांना ते लागतं, पण रोजची बरीच क्रियापदं तशी वागत नाहीत: द्रिकेचं (पिणे) द्राक, गोचं (जाणे) गिक, क्योबेचं (विकत घेणे) क्योप्ते. घाई असणाऱ्यांनाच हे पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. मी प्रत्येक क्रियापद तीन रूपांत, हार किंवा एर लावूनच कार्डावर लिहिते: द्रिके, द्राक, हार द्रुकेद. शंका आली की 'देन डान्स्के ओर्दबोग' हा डॅनिश शब्दकोश ऑनलाइन, फुकट आहे.

'इ गोर' (काल) असेल तर हार नको, दातिदच.

पुरुष, लिंग, वचन यांनुसार काही बदलत नाही: याय गिक (मी), वी गिक (आम्ही), दी गिक (ते). गेलो-गेली-गेले विसरा.

आणि 'म्हणाला' ऐकू येतं नुसतं 'सॅ', पण लिहायचं एस-ए-जी-डी-ई. ऐकल्याप्रमाणे लिहिलेलं मी दर रविवारी खोडते.