दिवाणी दाव्याची मुदत कशी मोजावी

दिवाणी न्यायालयात दावा किती काळात दाखल करावा, हे मुदत अधिनियम, १९६३ ठरवतो. हा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अंमलात आहे. मुदतीनंतर आलेला दावा, प्रतिवादीने तो आक्षेप घेतला नसला तरी, कलम ३ नुसार न्यायालयाला फेटाळावाच लागतो. अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाल्यास कलम ५ खाली विलंबमाफी मागता येते, मूळ दाव्याला मात्र ती सोय नाही. आजारपण, पैशांची अडचण किंवा कायद्याचे अज्ञान यांपैकी कोणतीही सबब तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून कागदपत्रे चाळताना आपली बाजू किती खरी आहे हे पाहण्याआधी मुदत कोणत्या तारखेला सुरू झाली, हे शोधावे.

ती तारीख अधिनियमाच्या परिशिष्टात सापडते. प्रत्येक अनुच्छेदात दाव्याचा प्रकार, मुदत आणि ती कोणत्या घटनेपासून मोजायची, असे तीन रकाने आहेत. लोक दुसरा रकाना पाहून थांबतात, आणि नुकसान होते ते तिसरा न वाचल्यामुळे. हातउसन्या पैशांचेच पाहा. परतफेडीची तारीख ठरली नसेल आणि रक्कम 'मागाल तेव्हा' द्यायची असेल, तर तीन वर्षे रक्कम दिल्याच्या दिवसापासून धावतात, मागणी केल्यापासून नाही. तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून मोजावे. ज्या दिवसापासून मोजायचे तो दिवस कलम १२ नुसार वगळला जातो, त्यामुळे १० जून २०२२ रोजी दिलेल्या अशा उसन्या रकमेसाठी १० जून २०२५ हा शेवटचा दिवस ठरतो. चिठ्ठीत 'गुढीपाडव्याला परत देईन' असे लिहिलेले असले, तरी कलम २४ प्रमाणे हिशोब इंग्रजी दिनदर्शिकेनेच होतो.

वकिलामार्फत नोटीस पाठवली म्हणजे मुदत थांबली, ही समजूत सर्वांत घातक आहे. एकदा सुरू झालेली मुदत नोटिसीने, तोंडी आश्वासनाने किंवा नातेवाइकांच्या बैठकीने थांबत नाही. तिला नव्याने सुरुवात करून देणारे मार्ग मोजके आहेत. कलम १८ नुसार देणेकऱ्याने मुदत संपण्याच्या आत लेखी आणि सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या दिवसापासून पूर्ण मुदत पुन्हा मिळते. कलम १९ नुसार मुदतीच्या आत काही रक्कम परत आली आणि त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असली, तरीही तसेच होते. समोरचा माणूस 'थोडे थांबा' म्हणत असेल तर थांबायला हरकत नाही, पण त्याआधी दोन ओळींच्या कबुलीवर तारखेसह त्याची सही घ्यावी. नात्यात असे लिहून मागणे जड जाते हे खरे आहे, तरीही ते मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुदत संपल्यावर घेतलेली निव्वळ कबुली कलम १८ खाली चालत नाही. तेव्हा करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५(३) प्रमाणे, ते जुने देणे फेडण्याचे लेखी आणि सहीचे वचनच लागते.

जमिनीच्या बाबतीत प्रत्येक प्रकारची तारीख वेगळी निघते. साठेखताप्रमाणे, म्हणजे विक्री करण्याच्या आधीच्या कराराप्रमाणे, खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याला अनुच्छेद ५४ ची तीन वर्षे आहेत. साठेखतात तारीख ठरलेली असेल तर तेथून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून ती मोजतात. दस्त रद्द करून मागण्यासही तीनच वर्षे मिळतात, आणि ती संबंधित गोष्टी प्रथम कळल्यापासून धरतात. मालकी हक्काने ताबा मागण्यासाठी अनुच्छेद ६५ खाली बारा वर्षे आहेत, तीही समोरच्याचा ताबा आपल्या हक्काच्या विरोधात गेल्यापासून. भावाने एकट्याने जमीन कसली किंवा सातबारावर बहिणीचे नाव लागले नाही, एवढ्याने तिच्याविरुद्ध ही मुदत सुरू होत नाही. तिचा हिस्सा उघडपणे नाकारला गेल्याचे तिला कळले पाहिजे. अर्थात असा नकार मिळाल्यावर तिने स्वस्थ बसू नये, कारण कलम २७ नुसार ताब्याच्या दाव्याची मुदत संपली की मालमत्तेवरील हक्कच संपुष्टात येतो. पैशांच्या बाबतीत देणे शिल्लक राहते, फक्त वसुलीचा दावा चालत नाही.

बदनामीच्या भरपाईसाठी अवघे एक वर्ष आहे. गोव्यातही हाच अधिनियम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे पोर्तुगीज दिवाणी संहितेतील जुन्या मुदतींवर कोणी विसंबू नये.

यानंतर वगळायचे दिवस पाहावेत. शासनाविरुद्धच्या दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो काळ मोजत नाहीत. अधिकार नसलेल्या न्यायालयात प्रामाणिकपणे आणि नेटाने चालवलेल्या प्रकरणाचा काळ कलम १४ खाली वगळता येतो. फसवणुकीने झाकलेली गोष्ट उघड होईपर्यंत मुदत सुरू होत नाही. अज्ञान मुलाची मुदत तो सज्ञान झाल्यापासून धरतात, मात्र ही वाढीव सवलत त्यानंतर तीन वर्षांपलीकडे जात नाही. कोविडच्या काळातील १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वगळले गेले आहेत. शेवटचा दिवस सुट्टीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो.

अशी वजाबाकी करून दावा मुदतीत बसत असेल, तर तिचा आधार वादपत्रात, म्हणजे दावा मांडणाऱ्या मूळ लेखात, लिहावाच लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७, नियम ६ तशी अट घालतो, आणि वादपत्रावरूनच दावा मुदतबाह्य दिसत असल्यास नियम ११ खाली ते सुरुवातीलाच नामंजूर होऊ शकते. म्हणून 'दाव्यास कारण' या परिच्छेदात कबुलीची, हप्त्याची किंवा नकाराची नेमकी तारीख लिहून त्याचा कागद सोबत जोडावा.